बागेतली वाफेची रेल्वे : आधी इंजिन घ्यावं की आधी रूळ टाकावेत?

धुरकट
नमस्कार मंडळी,
घरामागे थोडी मोकळी जागा आहे, ९ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. एका लांब बाजूला भिंत, मध्यावर एक जुनं झाड, आणि जमीन लांबीच्या दिशेने उतरत गेलेली. या जागेत छोटी रेल्वे फिरवायची असं डोक्यात आहे. बॅटरीवरची नाही, खऱ्या वाफेची. बॉयलरमध्ये पाणी, पोटात आग, वाफेने सरकणारा दट्ट्या. सगळं खरं, फक्त आकार लहान.

सगळ्या गोष्टी एकदम घेणं जमणार नाही. तेव्हा प्रश्न साधा आहे. आधी एक चांगलं इंजिन घेऊन ते चालवायला शिकावं, की आधी रूळ नीट टाकावेत आणि इंजिनाचं नंतर बघावं? माझा कल इंजिनाकडे आहे. रूळ काय, कधीही टाकता येतात.

जाणकारांनी खुशाल झोडपावं, पण कारणासकट.

सांधेवाला
"रूळ काय, कधीही टाकता येतात."
सवडीने लिहितो. यावर दोन ओळींत भागणार नाही.

रुळावरची_मुंगी
खुर्ची टाकून बसले आहे. :)

सांधेवाला
हं, आता ऐक.

विजेच्या किंवा बॅटरीच्या गाडीला चढ लागला तर ती जराशी मंदावते आणि चालत राहते. वाफेचं तसं नाही. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारी चावी, तू हाताने एका जागी ठेवलास की तो तिथेच राहणार. चढ आला की गाडी रेंगाळते, कधी थांबतेच. उतार आला की तीच गाडी सुसाट सुटते. आणि पोटात पेटता बर्नर नि उकळतं पाणी घेऊन पळणारा हा चार-पाच किलोचा ऐवज आहे. वळणावर आडवा झाला तर रंग जातो तो जातोच, वर पेटता गॅस गवतात.

आकडे बघ. अरुंद रुळांवरची खरी गाडी ताशी २४ किमीने जात असेल, तर १:१९ प्रमाणात ती चाल होते सेकंदाला जेमतेम ३५ सेंमी. ही शोभणारी चाल. ती फेरीभर टिकवायची तर रूळ सपाट हवेत. ५ किलोची गाडी १:५० चढावर (५० सेंमीला १ सेंमी) घातलीस तर सपाटीवर लागते त्याहून १०० ग्रॅम ओढ जास्त लागते. ऐकायला किरकोळ. पण तेवढ्यासाठी रेग्युलेटर उघडावा लागतो, आणि चढ संपला की तोच उघडा रेग्युलेटर घेऊन इंजिन उताराला लागतं. हाताने चालवायचं असेल तर मी १:१०० च्या वर चढ येऊच देत नाही. शून्य जमलं तर उत्तमच.

वाकड्या रुळांवर भारीतलं इंजिन रडत चालतं. सपाट रुळांवर डोलत्या सिलिंडरचं अगदी साधं इंजिनसुद्धा मजेत फिरतं. म्हणून आधी रूळ.

बंब
सांधेवाल्याशी निम्मा सहमत. (हा आमचा जुना वाद आहे, नव्यांनी घाबरू नये.)

रेडिओ कंट्रोल नावाची गोष्ट असते. दोन सर्व्हो (रिमोटने हलणाऱ्या छोट्या मोटरी) बसवायचे, एक रेग्युलेटरला आणि दुसरा पुढे-मागे करणाऱ्या दांड्याला. मग चढ-उतार हीच गंमत होते. चढाच्या आधी थोडी वाफ वाढवायची, माथ्यावर पोचायच्या आत काढून घ्यायची. खरा ड्रायव्हर दुसरं काय करतो?

आणि शिकण्याचं काय? इंजिन पेटवणं ही हाताला लागायची सवय आहे, त्यासाठी रूळ लागतच नाहीत. चाकं जागच्या जागी फिरतील असा रोलरचा स्टँड मिळतो, तो टेबलावर ठेवायचा. आधी पाणी, मग वाफेचं तेल, गॅस सगळ्यात शेवटी. रेग्युलेटर बंद आहे ना, बघायचं. गॅसची चावी किंचित उघडून धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरली की 'फप्' होतं आणि आग नळीतून मागे जाऊन बर्नरवर बसते. नीट बसली की एकसारखा घुमणारा आवाज लागतो. धुराड्याखालीच अडकली तर आवाज कोरडा, फुसफुसता येतो. तसा आला की ताबडतोब बंद करायचं, नाहीतर पुढच्या भागाचा रंग सोलून निघतो. हा फरक ऐकून ऐकूनच कळतो.

दाब चढल्यावर पहिल्यांदा रेग्युलेटर उघडला की इंजिन चालत नाही, थुंकतं. सिलिंडर गार असतात, आत शिरलेल्या वाफेचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही. जोर करायचा नाही. थोडं पुढे, थोडं मागे, असं हलवत राहायचं. धुराड्यातून तेलकट पाणी उडायचं थांबलं की चाकं आपोआप मोकळी होतात. (त्या वेळी धुराड्यावर वाकून बघू नये. चष्मा पुसत बसावं लागतं.)

हे सगळं घरात, एका कोपऱ्यात, खिडक्या उघड्या ठेवून शिकता येतं. म्हणून आधी इंजिन.

सांधेवाला
रिमोटने चढ चढता येतो. खचलेला रूळ रिमोटने वर येत नाही.

बंब
आलं! वाटच बघत होतो.

केतकी_वन
धागाकर्त्याने उंचीचा विचार केलाय का? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जमिनीवर, झाडाझुडपांतून जाणारी गाडी असते. दिसते सुंदरच. पण वाफेच्या इंजिनापाशी दर फेरीला काही ना काही काम असतं: पेटवायचं, पाणी भरायचं, तेलाचं झाकण उघडायचं, वाफेच्या दाबाचा काटा बघायचा. तो काटा नखाएवढा असतो. जमिनीवरच्या रुळांवर हे सगळं गुडघ्यांवर बसून करावं लागतं. पन्नाशीनंतर माणूस खाली बसतो सहज, उठताना गाडी स्टेशनात थांबवून आधार शोधतो.

आमच्याकडे खांबांवर फळ्या टाकून कमरेच्या उंचीवर रूळ नेले आहेत. सपाटी मिळते, पाठ वाचते, आणि गाडी डोळ्यासमोरून जाते. वरून टपावर बघणं आणि समोरून जोडदांडे फिरताना बघणं यात फार फरक आहे. निदान जिथे इंजिन पेटवायचं तो यार्डाचा तुकडा तरी उंच ठेवा.

सहज_सुचलं
भाबडा प्रश्न. रुळांबद्दल शोधलं की ४५ मिमी, ३२ मिमी, जी, एक नंबर, १६ मिमी... हे सगळं वाचून डोकं गरगरतं. रुंदी एक आणि नावं चार, असं का?

गेजबहाद्दर
माझी पाळी आली वाटतं.

रुळांची रुंदी आणि प्रतिकृतीचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळण्यातल्या गाड्यांच्या रुळांच्या रुंदीला नंबर देऊन शिस्त लावली ती मर्कलिन या जर्मन खेळणी कंपनीने १८९१ मध्ये. त्यातला 'एक नंबर' म्हणजे आजचा ४५ मिमी. १४३५ मिमीच्या प्रमाण रुंदीच्या रेल्वेला ३२ ने भागा, ४५ च्या आसपास येतं. म्हणून १:३२. पुढे १९६८ मध्ये एलजीबी हा बागेतल्या गाड्यांचा जर्मन ब्रँड आला ('जी' म्हणतात ते हेच). त्यांनी तेच ४५ मिमीचे रूळ घेतले, पण त्यांच्या गाड्या मीटर गेजच्या होत्या: १००० भागिले २२.५, उत्तर पुन्हा ४५ च्या जवळ. अमेरिकेतल्या तीन फुटी रेल्वेवाल्यांनी ९१४ ला २०.३ ने भागलं, पुन्हा ४५! रूळ तेच, डबे मात्र शेजारी उभे केले तर एक बारीक आणि एक धिप्पाड.

३२ मिमीचं गणित निराळं. ब्रिटनमधल्या मंडळींना दोन फुटी रेल्वेचं वेड. एका फुटाला १६ मिमी धरले की दोन फुटांना ३२. प्रमाण साधारण १:१९. दार्जिलिंगची गाडी ६१० मिमी म्हणजे नेमकी दोन फुटी, आणि वेल्समधली फेस्टिनिऑग त्याहून किंचित कमी, ५९७ मिमी. दोन्ही याच रुळांवर शोभतात.

वाफेसाठी एवढंच लक्षात ठेवा: बरीच अरुंद गेजची इंजिनं अशी असतात की चाकं आसावर सरकवून ३२ ची ४५ करता येतात. घेण्याआधी विचारून घ्या.

रुळावरची_मुंगी
दार्जिलिंगचं ते छोटं निळं इंजिन! चार चाकं, पुढे कोळसा फोडणारा माणूस बसलेला. ते वाफेवर चालणारं मिळत असेल तर मी आजपासून रूळ टाकायला घेते. जागा नाही, पण घेते.

धुरकट
गेजबहाद्दर, दंडवत. इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं.
आता दुसरी शंका. इंधन काय धरू? गॅस, स्पिरिट की कोळसा?

आगवाला
कोळसा. प्रश्नच नाही. गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला मी चाकं लावलेली किटली म्हणतो.

धुराड्यावर बॅटरीचा छोटा पंखा बसवून आगीला ओढ द्यायची, रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा पेटवायचा, तो लाल झाला की वाटाण्याएवढे दगडी कोळशाचे तुकडे चमच्याने टाकत जायचं. दाब पुरेसा झाला की पंखा काढून ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफेची धार सोडणारी चावी, उघडायचा. मग सिलिंडरमधून सुटलेली वाफच धुराड्यातून जाताना आगीला ओढ देते. इंजिन जितकं राबेल तितकी आग पेटते. ही जादू गॅसमध्ये कुठे? तो वास, तो आवाज...

बंब
...आणि दर दोन फेऱ्यांनी गाडी थांबवून आगीत डोकावणं, पाण्याच्या काचनळीकडे टक लावून बसणं, नंतर राख, काजळी आणि नळ्या घासणं. आगवाला दादा, तुमचं इंजिन चालताना बघायला आवडतं, पण नवख्याला तिथून सुरुवात करायला सांगू नका.

धुरकट, गॅस घे. ब्यूटेन, किंवा ब्यूटेन-प्रोपेन मिसळलेला, बनवणाऱ्याने जो सांगितलाय तोच. बऱ्याच इंजिनांत गॅसची टाकी मुद्दाम एवढीच ठेवलेली असते की पाणी संपायच्या आत गॅस संपतो. म्हणजे बॉयलर कोरडा पडून तापायचा धोका आपोआप कमी. मधे पाणी भरत राहिलास तर गोष्ट वेगळी.

निळी_ज्योत
स्पिरिटवाल्यांना कुणी विचारतच नाही.

आमच्या आगीला आवाज नाही. गॅसच्या घरघरीत जो बुडून जातो तो वाफेचा ठेका स्पिरिटच्या इंजिनात स्वच्छ ऐकू येतो. दोन सिलिंडर असले की चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. संथ चालीत ते मोजता येतात.

पण एक गोष्ट गांभीर्याने. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. अजिबात नाही. टाकी काठोकाठ भरून इंजिन उचललं आणि थोडं सांडलं, तर स्लीपरवर आग चालू असते आणि तुम्हाला फक्त हवा थरथरताना दिसते. आमच्यातल्या एका सद्गृहस्थांचं स्टेशन असं गेलं. फलाट, दिवे, बाकावर बसलेले प्रवासी, सगळे. म्हणून स्पिरिट भरायचं ते मोजून, सिरिंजने, आणि पाण्याची बाटली हाताशी. ओलं फडकंही.

सेलवाला
प्रवाशांच्या आत्म्यास शांती लाभो.
बॅटरीवर असे प्रसंग येत नाहीत, एवढं नम्रपणे नोंदवतो.

नाडीपरीक्षा
इंधनावर भांडून झालं असेल तर बॉयलरकडे या.

जुनं इंजिन घेत असाल तर पहिला प्रश्न: बॉयलर सिल्व्हर सोल्डरने जोडलेला आहे की कथलाच्या डाखाने? ३ बार दाबावर आतली वाफ १४४ अंशांच्या आसपास असते. साधा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून पातळ व्हायला लागतो. पाणी आहे तोवर निभावतं. पाणी संपून बर्नर चालू राहिला की डाख सुटतो. सिल्व्हर सोल्डर ६०० अंशांच्या वरची गोष्ट आहे.

दुसरं, चाचणी. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून पंपाने दाब द्यायचा, नव्याला चालत्या दाबाच्या दुप्पट, जुन्याला दीडपट. हवेने किंवा वाफेने ही चाचणी कधीही करायची नाही. पाणी दबत नाही, त्यामुळे भेग पडली तर फक्त गळतं. दाबलेली हवा मात्र स्फोट करते. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतो का, हे दर वेळी गाडी सोडण्याआधी बघा. उघडला की बंदही झाला पाहिजे. तिथे चुन्याचा पांढरा थर दिसला तर इंजिन त्या दिवशी चालवायचं नाही.

सहज_सुचलं
चुन्याचा थर म्हणजे नळाचं पाणी चालत नाही का?

नाडीपरीक्षा
नाही. डिस्टिल्ड.

निळी_ज्योत
किंवा गाळलेलं पावसाचं.

गेजबहाद्दर
किंवा डी-आयोनाइज्ड. सगळीकडे मिळतं.

नाडीपरीक्षा
डी-आयोनाइज्ड नको! ते पितळेतलं जस्त ओढून घेतं, पितळ ठिसूळ होतं.

गेजबहाद्दर
डिस्टिल्डमध्ये तरी कुठे क्षार असतात? मग त्याने का होत नाही?

आगवाला
सुरू झालं. पाण्यावरून महायुद्ध. मी जातो कोळसा फोडायला.

सेलवाला
बॅटरीत पाणी न घालता चालणाऱ्या गाड्या मिळतात म्हणे.

केतकी_वन
थांबा रे. चांगल्या बॉयलरचं अंग तांब्याचं असतं आणि ज्यात व्हॉल्व्ह पिळून बसवतात ते बुश गनमेटल किंवा ब्राँझचे. तिथे पितळ वापरायचंच नसतं, म्हणून हा वाद निम्मा निकालात निघतो. उरलेला निम्मा इंजिन बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात वाचा. नळाचं पाणी मात्र नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे ना? मग पुढे चला.

नाडीपरीक्षा
ताई म्हणतात ते बरोबर. (पण डी-आयोनाइज्ड नकोच.)

तेलाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक छोटी उभी डबी असते, तिच्यात वाफेचं जाड तेल भरतात. वाफेची नळी डबीला लागून जाते आणि तिला एक बारीक भोक असतं. भोकातून थोडी वाफ आत शिरते, थंड होऊन तिचं पाणी होतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचललं जाऊन भोकातून वाफेत मिसळतं. ना पंप, ना चाक. फेऱ्या संपल्या की डबीत बहुतेक पाणीच उरतं. दाब पूर्ण उतरल्यावर, आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, झाकण उघडायचं, सिरिंजची लांब सुई तळाशी घालून पाणी ओढायचं, पिवळट तेल दिसायला लागलं की थांबायचं आणि वर नवं तेल भरायचं. गाडीचं इंजिन ऑइल इथे चालत नाही. वाफेच्या उष्णतेत आणि ओलाव्यात टिकून धातूला चिकटून राहील असं वेगळं तेल असतं.

धुराड्याच्या काठाला तेलाचा पातळ ओला थर आला की समजायचं, सिलिंडरना तेल पोचतंय. काठ कोरडा असेल तर गाडी थांबवा.

सहज_सुचलं
वाचनखूण साठवली. आणि या गाडीवर बसता येतं का? घरातल्या छोट्या सदस्याचा प्रश्न आहे. (मोठ्या सदस्याचाही.)

आगवाला
४५ मिमीवर नाही. बसायचं तर ५ इंची किंवा ७¼ इंची रूळ, म्हणजे १२७ किंवा १८४ मिमी. तो संसार वेगळा, बाग पुरत नाही.

पण या प्रश्नाला इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये यावर जोरदार भांडण झालं होतं. इतक्या लहान इंजिनात कोळशाची खरी आग पुरेशी वाफ देणार नाही, स्पिरिटच हवं, असं बडे लोक म्हणत. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणारे लॉरेन्स म्हणाले, देते. त्यांनी आपलं 'आयेशा' नावाचं अडीच इंची गेजचं इंजिन कोळशावर चालवून मोठ्या माणसाला ओढून दाखवलं. १९२० च्या दशकातली गोष्ट. त्यानंतर घरी बनवलेल्या कोळशाच्या इंजिनांची लाटच आली. म्हणून म्हणतो, किटल्या सोडा.

बंब
शेवट किटलीवरच. :)

पानोपानी
मी बागेच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे बॉयलरमध्ये शिरलेत.

मधलं झाड. पानगळीत रुळांवर पडलेलं ओलं पान चाकाखाली आलं की चाकं जागच्या जागी फिरतात. त्यात धुराड्यातून उडालेलं तेल रुळांवर असतंच. झाडाखालून रूळ नेणार असाल तर फेऱ्यांआधी फडकं फिरवायची तयारी ठेवा. झाडाच्या मुळांचं दुसरं दुखणं. आज सपाट केलेला पाया काही वर्षांत तळहातावरच्या शिरेसारखा वर येतो. बुंध्यापासून लांब राहा.

खडी गोल गुळगुळीत घेऊ नका. पावसात वाहून जाते आणि स्लीपर धरत नाही. कोनाकोनाची, बारीक चुरा मिसळलेली घ्या, ती एकमेकींत अडकते.

आणि झाडं लावताना पान बघा, फूल नव्हे. बारीक पानाचं, दाट वाढणारं झुडूप डब्याशेजारी वृक्ष वाटतं. तळहाताएवढं पान आलं की सगळी गाडी खेळण्यातली दिसते. वाफेचा फवारा जिथे रोज लागेल तिथे काही जगणार नाही, ती जागा खडीला द्या.

सेलवाला
मी चेष्टा करतोय असं वाटू नये म्हणून एकदा सरळ लिहितो. मलाही वाफ आवडते. पण संध्याकाळी वीस मिनिटं मोकळी मिळतात. त्यातली दहा पाणी-तेल-गॅसमध्ये जातात आणि नंतरची साफसफाई वेगळी. बॅटरीची गाडी शेल्फवरून काढली, ठेवली, निघाली. धुरकटने स्वतःला विचारावं: त्याला गाडी फिरताना बघायची आहे की इंजिन चालवायचं आहे? पहिलं असेल तर आमच्याकडे ये.

आणि रूळ प्लास्टिकच्या स्लीपरवर टाकलेस, उन्हाने न तडकणाऱ्या, तर दोन्ही गाड्या त्याच रुळांवर चालतात. त्यामुळे या एका बाबतीत मी सांधेवाल्याच्या बाजूने. आधी रूळ.

सांधेवाला
सेलवाला माझ्या बाजूने! हा धागा जपून ठेवा.

धुरकट
मला इंजिनच चालवायचं आहे, त्याबद्दल शंका नाही. दहा मिनिटांची तयारी हीच मला हवी आहे.

आज जमीन मोजली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरली. लांबीत ८ मीटरला ४० सेंमी उतार निघाला.

सांधेवाला
म्हणजे १:२०. जमिनीवर रूळ टाकले असतेस तर इंजिन चढावर मान टाकून बसलं असतं आणि उतारावर झाडात गेलं असतं.

आता कामाला लाग. कडेने अर्धा अर्धा मीटर सोड, ८ बाय ४ उरतात. दोन्ही टोकांना २ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, मधे ४-४ मीटर सरळ. फेरी साधारण साडेवीस मीटरची होते, झाड आत राहतं. शोभणाऱ्या चालीने एक फेरी जवळजवळ एक मिनिटाची. २ मीटर त्रिज्या म्हणजे चैन आहे, लांब इंजिनसुद्धा वळेल.

उंच टोकाला रूळ जमिनीपासून ३० सेंमीवर धर, उतरत्या टोकाला ते आपोआप ७० सेंमीवर येतात. सगळं एका पातळीत. पेटवायची जागा ७० वाल्या टोकाला. केतकीताईंची पाठ आणि माझी सपाटी, दोन्ही साधलं.

आणि सांध्यांत फट ठेवायला विसरू नको. पितळी रूळ साडेवीस मीटर आणि तापमानात ३० अंशांचा फरक, म्हणजे सगळी मिळून जवळजवळ १२ मिमी वाढ. ती कुठेतरी जाणारच. फट नसेल तर वळण बाहेर फुगतं. टळटळीत दुपारी रूळ टाकत असशील तर फट कमी ठेव, गारव्यात टाकत असशील तर जास्त.

बंब
४० सेंमीचा उतार ऐकून माझं मत या धाग्यापुरतं बदललं. आधी रूळ. पण रूळ टाकून होईपर्यंत टेबलावर एखादं इंजिन फुरफुरत असलं तर काम लवकर होतं, एवढं म्हणू द्या.

धुरकट
बंबदादा, तेवढं तर होणारच. :)

एक अडचण. चारी बाजूंनी रूळ झाले की आतल्या झाडाकडे जायचं कसं? ७० सेंमी ओलांडून जाणं घरातल्या थोरांना जमणार नाही. ३० सेंमीवालं टोक भिंतीच्या अडगळीकडे आहे, तिथून वाट नाही.

केतकी_वन
उचलता पूल करा. साठ-सत्तर सेंमीचा तुकडा, दोन्ही टोकांना खाचेत बसणारा. आमच्याकडे तसाच आहे. सरळ भागात घ्या, वळणावर नको, कारण वळणावर दोन्ही रुळांची टोकं जुळवून बसवणं फार जिकिरीचं.

नाडीपरीक्षा
पूल काढलेला असताना गाडी येऊ शकते हे धरूनच चला. रिमोट नसलेलं इंजिन पूल बघून थांबत नाही.

सांधेवाला
म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर एकेक लाकडी ठोकळा लावायचा. पूल जागेवर असला की पुलाचीच कड ठोकळ्याला दाबून बाजूला ठेवते. पूल उचलला की ठोकळा स्प्रिंगने रुळांवर आडवा येतो. माणसाला लक्षात ठेवावं लागत नाही. ठोकळ्यावर जाड रबर चिकटव, बफर वाचतील.

धुरकट
आणि ठोकळा पुलापासून किती आधी? गाडी पुलाच्या काठाशी थांबली आणि पेटती असली तर?

सांधेवाला
निदान इंजिनाच्या लांबीएवढा आधी. हात घालून गॅस बंद करायला जागा राहिली पाहिजे, आणि तो हात पुलाच्या बाहेरच्या बाजूने पोचला पाहिजे. चावी इंजिनाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघून ठोकळा बसव.

रुळावरची_मुंगी
म्हणजे इंजिन बघितल्याशिवाय ठोकळा बसवता येत नाही?

बंब
मुंगीताई, आपण प्रत्यक्ष भेटायला हवं.